वाचकांचे प्रश्न : टू ऑफ सोर्ड्स आणि जस्टिस

प्रश्न : वडिलांच्या पश्चात गावचे घर भावाच्या नावावर व्हावे म्हणून मी हक्कसोड पत्रावर सही करावी, असा माहेरच्यांचा आग्रह आहे. गेले चार महिने मी ‘बघू, बघू’ म्हणत विषय टाळते आहे. शेवटी स्वतःसाठी टॅरोची (म्हणजे अर्थ पाहण्यासाठी काढतात त्या चित्रांच्या पत्त्यांची) दोन पाने काढली : आधी टू ऑफ सोर्ड्स आले, मग जस्टिस. माझ्याजवळच्या पुस्तकात पहिल्याचा अर्थ ‘द्विधा मनःस्थिती’ आणि दुसऱ्याचा ‘न्याय, कोर्टकचेरी’ असा दिला आहे. म्हणजे भावाशी कोर्टात उभे राहण्याची वेळ येणार का? समाधान झाले नाही म्हणून त्याच प्रश्नासाठी आणखी तीनदा पाने काढली, तर दर वेळी वेगळीच निघाली. कोणती खरी मानावीत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, पहिल्यांदा निघालेलीच जोडी धरावी आणि बाकीची विसरून जावीत. कोर्टाची धास्तीही मनातून काढून टाकावी. पाने पुढे घडणाऱ्या गोष्टींची बातमी देतात असे मी मानत नाही. आपल्याला आधीच ठाऊक असलेले, पण आपण बाजूला सारलेले, ती समोर मांडतात, एवढाच त्यांचा उपयोग मला इतक्या वर्षांत दिसला आहे आणि तो लहान नाही.

जोडी वाचताना दोन पानांचे दोन अर्थ काढून त्यांची बेरीज करण्याची घाई होते. त्याऐवजी दोन्ही पाने शेजारी ठेवून नुसती पाहावीत. आपला संच बहुधा १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रायडर-वेट संचाच्या परंपरेतला असावा; त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. त्यातल्या टू ऑफ सोर्ड्सवर दगडी बाकावर बसलेली एक स्त्री आहे. तिच्या डोळ्यांवर पट्टी आहे, हात छातीवर एकमेकांवरून गेलेले आहेत आणि प्रत्येक हातात एक उभारलेली तलवार आहे. मागे समुद्र, त्यात खडक, वर चंद्रकोर. तिला कोणी बांधून ठेवलेले नाही. पट्टी ती केव्हाही सोडू शकते. मात्र त्यासाठी हात मोकळा हवा, आणि हात मोकळा करायचा तर निदान एक तलवार खाली ठेवावी लागेल. माझ्या मते या पानाचा सगळा अर्थ त्या अडचणीत आहे. निर्णय होत नाही तो बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, तर पाहायला गेले की काहीतरी हातातून सोडावे लागेल हे मनाने ओळखलेले असते म्हणून. ज्यांच्या कल्पनेतून हा संच तयार झाला त्या ए. ई. वेट यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात या पानाचा एक अर्थ ‘शस्त्रे हाती असतानाचा सलोखा’ अशा आशयाचा दिला आहे, आणि आपले पत्र वाचताना मला तोच आठवला. आपण ‘नाही’ म्हणाला नाहीत म्हणून घरात शांतता आहे. ‘हो’ म्हणाला नाहीत म्हणून विषय मिटलेलाही नाही.

आता जस्टिसकडे पाहावे. तिच्याही हातात तलवार आहे, पण एकच आणि सरळ उभी. दुसऱ्या हातात तराजू आहे. आणि तिचे डोळे उघडे आहेत. आपल्याकडे ‘आंधळी न्यायदेवता’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की २०२४ साली सर्वोच्च न्यायालयातल्या पट्टी नसलेल्या मूर्तीची बातमी आली तेव्हा अनेकांना नवल वाटले. टॅरोमधली न्यायदेवता मात्र समोर रोखून पाहते. एका पानावरच्या दोन तलवारींपैकी एक खाली ठेवली की रिकाम्या झालेल्या हातात तराजू येतो, अशी ही जोडी मी वाचते. आधी मोजावे, मग ठरवावे. पाने उलट क्रमाने आली असती तर मी म्हटले असते की आपला निर्णय झालेला आहे आणि आपण त्याच्याकडे पाठ फिरवत आहात. पण आपल्या बाबतीत वजनकाटा अजून हातात आलेलाच नाही.

तेव्हा तराजूत टाकायचे ते टाकावे. घर वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः घेतलेले, आपला हिस्सा नेमका किती, त्याची आजची किंमत काय, हे वकिलाला कागद दाखवून विचारावे. ही माहिती कोणतेही पान देणार नाही, आणि नोंदणी झालेले हक्कसोड पत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही तितक्याच स्पष्टपणे लिहून काढावे : भावाशी असलेले नाते, दिवाळीला माहेरी जाणे, आईचे पुढचे दिवस. हिस्सा सोडणे हाही न्याय्य निर्णय असू शकतो, परंतु किती सोडते आहे हे माहीत असताना सोडला तरच. राहिला पुन्हा पुन्हा पाने काढण्याचा प्रश्न. ते पट्टी तशीच ठेवून तलवारी या हातातून त्या हातात घेण्यासारखे आहे. कागद पाहून झाल्यावर, हवे तर, एकदाच पान काढावे.

प्रश्न : बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी यासाठी मुलीने पाने काढली. सेव्हन ऑफ कप्स आणि एस ऑफ सोर्ड्स निघाले. हीदेखील द्विधा मनःस्थितीच ना?
— एक पालक, सांगली

उत्तर : आहे, पण वेगळ्या जातीची. वरच्या पत्रातल्या स्त्रीला पाहायचे नाही. आपल्या मुलीला फार दिसते आहे. सेव्हन ऑफ कप्सवर ढगांवर तरंगणारे सात चषक आहेत, कशात दागिने, कशात किल्ला, कशात साप, आणि त्यांच्यापुढे पाठमोरी उभी असलेली एक काळी आकृती. एस ऑफ सोर्ड्सवरही ढग आहे, मात्र त्यातून एकच हात बाहेर आला आहे आणि त्याच्या मुठीत एकच तलवार आहे. तलवार निवडत नाही, छाटते. म्हणून ‘सर्वांत चांगली शाखा कोणती’ हा प्रश्न तूर्त तिला विचारू नये. सगळ्या शाखा एका कागदावर लिहायला सांगाव्यात आणि ज्या केवळ मैत्रिणी जाताहेत किंवा आपण सुचवल्या म्हणून यादीत आल्या, त्यांवर तिने स्वतःच्या हाताने रेघ मारावी. बहुधा दोन-तीनच उरतील.