सायकलला मागचं रडार लावावं का, की चांगला टेललाईट पुरेसा आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज सायकलने कामावर जाता, अर्धा रस्ता सिग्नल आणि गर्दीचा, अर्धा मोकळा आणि वेगवान. मागून येणाऱ्या गाड्यांची धास्ती वाटते, म्हणून रडार घ्यायचा विचार आहे. पण घरचे म्हणतात, चांगला लाईट लाव, पुरे झालं.

घरचे निम्मे बरोबर आहेत. आधी लाईट घ्या. रडार त्यानंतर, आणि तेही त्या मोकळ्या अर्ध्या रस्त्यासाठी. रस्त्यावर गाड्या जितक्या कमी, तितकं रडार जास्त कामाचं. भर ट्रॅफिकमध्ये ते नुसतं ओरडत राहतं. जाहिरातीत हे वाचायला मिळत नाही, पण वापरायला लागलात की पहिल्या आठवड्यातच कळतं.

दोघांची कामं वेगळी आहेत. लाईट मागच्या ड्रायव्हरला तुमची खबर देतो, रडार तुम्हाला त्याची. आता मागून धडक टाळायची असेल तर जास्त करून कोणाच्या हातात आहे? त्याच्याच. ब्रेक त्याच्याकडे, स्टिअरिंग त्याच्याकडे. तुमच्या हातात फार तर कडेला सरकणं. म्हणून पहिला खर्च त्याला दिसण्यावर करायचा.

आता रडारकडे येऊ, कारण खरी उत्सुकता त्याचीच असते. गार्मिनने २०१५ साली आयकूबू ही छोटी स्वीडिश कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी व्हेरिया नावाने सायकलचं रडार बाजारात आणलं. आता ब्रायटन, मॅजीन, ट्रेक, वाहू यांचीही रडारं मिळतात. बहुतेकांत टेललाईट त्याच डबीत असतो. ही डबी सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला लावायची आणि हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरला, घड्याळाला किंवा फोनला जोडायची. स्क्रीनच्या कडेला एक उभी पट्टी दिसते. मागे गाडी आली की पट्टीच्या तळाशी ठिपका उगवतो आणि वर सरकायला लागतो. ठिपका वरच्या टोकाला पोचला की गाडी तुमच्या कोपराशी आलेली असते. कोणी नसेल तर हिरवं, गाडी येत असेल तर पिवळं-नारिंगी, फार वेगात येत असेल तर लाल. सोबत बीप. घड्याळाला जोडलं तर मनगटावर थरथर, कमी ऐकू येणाऱ्यांना ती फार सोयीची.

आतली करामत समजून घ्या, कारण रडार कुठे फसतं ते त्यावरूनच कळतं. यातली बरीचशी रडारं २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतात. जवळ येणाऱ्या गाडीवर आपटून लहर परत येते तेव्हा तिची कंपनसंख्या किंचित वाढलेली असते, तोच डॉप्लर परिणाम. गाडी तुमच्यापेक्षा ताशी ४० किलोमीटर जास्त वेगाने येत असेल तर हा फरक साधारण १,८०० हर्ट्झचा. २४ अब्जात १,८००! ती एवढीशी डबी तेवढा फरक पकडते आणि त्यावरून वेग काढते.

म्हणजे रडारला गाडी ‘दिसत’ नाही, जवळ येण्याचा वेग दिसतो. याचा फायदा असा की मागे पडणारी झाडं, खांब, उभ्या गाड्या, समोरून येऊन निघून गेलेल्या गाड्या सगळ्या आपोआप गाळल्या जातात, कारण त्या तुमच्यापासून लांब जात असतात. तोटा मात्र नीट लक्षात ठेवा. एखादी गाडी मागे येऊन तुमच्याच वेगाने चालायला लागली, ओव्हरटेकची संधी बघत, तर जवळ येण्याचा वेग शून्य. ठिपका गायब होऊ शकतो, पट्टी हिरवी होते, आणि ट्रक तुमच्या मागच्या चाकापासून दहा मीटरवर असतो. हिरवं म्हणजे ‘मागे कोणी नाही’ असं नव्हे. ‘मागून कोणी झपाट्याने जवळ येत नाहीये’ एवढंच. उजवीकडे किंवा डावीकडे वळायच्या आधी, खड्डा चुकवायला मध्ये सरकायच्या आधी मान वळवून बघायचंच. रडार आहे म्हणून मान वळवायची सवय सुटली, तर रडार नसलेलं बरं.

व्हेरिया आरटीएल ५१५ या मॉडेलची कागदावरची पल्ला-मर्यादा १४० मीटर आहे, आणि ताशी १० ते १६० किलोमीटर वेगाने जवळ येणारी वाहनं ते पकडतं. हिशोब करून बघा. तुम्ही २० ने चालला आहात, गाडी ६० ने येतेय, म्हणजे फरक ४० चा. १४० मीटर कापायला तिला साधारण साडेबारा सेकंद लागतात. भरपूर वेळ आहे, सावकाश बघा, कडेला या. तीच गाडी १०० ने आली तर हातात सहा सेकंद. तेही खूप आहेत, कारण रडार नसताना वाऱ्याच्या आवाजात तुम्हाला ती बहुधा अगदी शेवटी ऐकू येते, आणि इलेक्ट्रिक गाडी त्याहूनही उशिरा.

मोकळ्या रस्त्यावर हे काही सेकंद फार मोलाचे असतात, पण माझ्या मते उडी मारून बाजूला होण्यासाठी नव्हे. दचकणं थांबतं, हा खरा फायदा. मागून अचानक कोणी सुसाट गेलं की माणूस दचकतो, हँडल हलतं, आणि नेमक्या चुकीच्या क्षणी सायकल अर्धा फूट इकडेतिकडे होते. आधीच माहीत असेल तर तुम्ही सरळ रेषेत राहता. ड्रायव्हरलाही सरळ चालणारा सायकलवाला आवडतो, त्याला अंदाज बांधता येतो.

आणखी एक गोष्ट रडारमुळेच कळते: दुसरी गाडी. पहिली गाडी बाजूने गेली की आपण सुटलो असं वाटतं आणि लगेच मध्ये सरकावंसं वाटतं. पट्टीवर मागोमाग चढणारा दुसरा ठिपका असेल तर थांबता येतं. अर्थात ती दुसरी गाडी पहिलीच्या अगदी पाठीला चिकटून असेल तर तिच्या आडोशामुळे रडारला उशिरा कळतं. मोठ्या ट्रकमागची मोटरसायकल हे याचं नेहमीचं उदाहरण. वळणावरही तीच गत. या मॉडेलचा कोन ४० अंशांचा आहे आणि तो सरळ मागे बघतो, कड्यापलीकडून येणारी गाडी समोरासमोर आल्याशिवाय त्याला दिसणार नाही.

गर्दीत काय होतं ते सांगतो. सिग्नल सुटला की मागच्या सगळ्या गाड्या एकदम जवळ यायला लागतात. पट्टी ठिपक्यांनी भरून जाते आणि बीप थांबतच नाही. मागे गाड्या आहेत हे तुम्हाला माहीतच असतं. दोन मिनिटांत मेंदू तो आवाज गाळायला शिकतो, आणि हे वाईट, कारण पुढे मोकळ्या रस्त्यावर तोच बीप कामाचा असतो. मी शहरात शिरलो की आवाज बंद करतो, पट्टी तेवढी चालू ठेवतो. ग्रुपने चालवतानाही तसंच. मागच्या मित्राने जरा जोर लावला की रडार त्यालाच गाडी समजतं. ग्रुपमध्ये रडार शेवटच्या सायकलला असलं तर अर्थ आहे.

शिवाय चौकातले धोके: बाजूच्या गल्लीतून घुसणारा, समोरून येऊन तुमच्या पुढ्यात वळणारा, उभ्या गाडीचं दार उघडणारा. यातलं काहीही मागच्या रडारला कळत नाही. तुमच्या गर्दीच्या अर्ध्या रस्त्यावर हेच धोके जास्त आहेत. तिथे पुढचा लाईट, हाताने दिलेला इशारा आणि ड्रायव्हरच्या नजरेला नजर, यांचा उपयोग होतो.

आता लाईट. दिवसा लाईट लावायचा का, असं लोक हसून विचारतात. लावायचा. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात ३,८४५ सायकलस्वारांवर प्रयोग झाला. निम्म्या लोकांच्या सायकलींना कायम चालू राहणारे लाईट लावले, उरलेल्यांना नाही. लाईटवाल्यांचे इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी निघाले. अपघातांची माहिती लोकांनी स्वतःच कळवली होती, त्यामुळे त्या आकड्याला शेवटचा शब्द मानू नका. पण दिशा स्पष्ट आहे.

दिवसाचा आणि रात्रीचा लाईट मात्र एकच नव्हे. उन्हात लुकलुकणाराच हवा, आणि तोही चांगला प्रखर, थोडा अनियमित चमकणारा. याच आरटीएल ५१५ मध्ये दिवसाच्या फ्लॅशला ६५ ल्युमेन (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप) आहेत आणि स्थिर मोडला फक्त २०. यावरून दोन्ही गरजांतला फरक लक्षात येईल. ल्युमेनच्या आकड्याला मात्र भुलू नका. सगळीकडे पसरलेल्या १०० ल्युमेनपेक्षा नेमक्या मागे रोखलेले ५० ल्युमेन लांबून जास्त ठळक दिसतात. घ्यायच्या आधी साधी परीक्षा करा: भर दुपारी सायकल उभी करा, लाईट चालू करा, शंभर-दीडशे पावलं मागे जा आणि वळून बघा. मग दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे. कडेला सरकल्यावर लाईट एकदम मंद झाला तर वळणावर तो कोणालाच दिसणार नाही.

रात्री उलटं. नुसता लुकलुकणारा ठिपका अंधारात लक्ष वेधतो, पण तो किती लांब आहे आणि कोणत्या बाजूला सरकतोय याचा अंदाज ड्रायव्हरला पटकन येत नाही. स्थिर लाईटने तो येतो. जर्मनीत तर सायकलवर लुकलुकणारे लाईट लावायला परवानगीच नाही. मी रात्री दोन लावतो: एक स्थिर, सीटपोस्टला; एक मंद लुकलुकणारा, वेगळ्या उंचीवर. एक बंद पडला तर दुसरा असतो, हे वर. फार प्रखर फ्लॅश रात्री मागच्याच्या डोळ्यांत घुसतो, आणि डोळे दिपलेल्या ड्रायव्हरला तुमच्या शेजारचा माणूस दिसत नाही. लाईट किंचित खाली झुकवा.

आणि हे मात्र कोणी करत नाही: घोट्यांना आणि गुडघ्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी रात्री बंद रस्त्यावर ड्रायव्हरांची चाचणी घेतली. काळे कपडे घातलेला सायकलस्वार २ टक्के वेळाच ओळखता आला, फ्लोरोसंट जाकिटातला १५, रिफ्लेक्टरच्या जाकिटातला ५०, आणि जाकिटासोबत गुडघे-घोट्यांना पट्ट्या बांधलेला ९० टक्के वेळा. पाय वरखाली होतात, पट्ट्या नाचतात, आणि मेंदूला लगेच कळतं की हा माणूस आहे, पॅडल मारतोय. फ्लोरोसंट रंग रात्री निरुपयोगी का, तर तो उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो, आणि हेडलाईटमध्ये ती जवळपास नसतातच. या पट्ट्यांना बॅटरी लागत नाही, चार्जिंग लागत नाही, रडारच्या तुलनेत त्या फुकटच म्हणायच्या.

आरशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण रडार घ्याल तेव्हा आरसाही घ्या. रडार ‘केव्हा बघायचं’ ते सांगतं, आरसा ‘काय आहे’ ते दाखवतो. बस आहे की मोटरसायकल, ती तुम्हाला जागा सोडून लेन बदलतेय की तशीच रेटत येतेय, हे रडारला कळत नाही. बीप आला, आरशात एक नजर, पुन्हा समोर. नुसत्या आरशात सारखं बघत राहणं थकवतं, आणि समोरचा खड्डा तेवढ्यात येतोच.

बसवताना एवढं बघा. डबी उभी आणि सरळ मागे तोंड करून हवी. समोर काही येऊ देऊ नका: लोंबणारी सॅडलबॅग, कॅरिअरवरची पिशवी, पावसाळी कोटाची शेपटी. कापडातून रडार एक वेळ भागवून नेईल, लाईट मात्र झाकला जातो. तुम्ही कामाची बॅग कॅरिअरवर बांधत असाल तर सीटपोस्ट विसरा आणि कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावायचा क्लॅम्प घ्या. चिखल उडत असेल तर आठवड्यातून दोनदा काच पुसा. तुमचा सायकल कॉम्प्युटर रडार ओळखतो का तेही आधी बघा; बरीचशी रडारं अँट प्लस नावाच्या वायरलेस जोडणीवरून बोलतात, आणि ते सगळ्या फोनना येत नाही. फोनसाठी ब्लूटूथ असलेलं मॉडेलच घ्या.

कॅमेरा असलेलं रडारही मिळतं. गार्मिनने २०२२ साली आरसीटी ७१५ आणलं, त्यात रडार, लाईट आणि कॅमेरा तिन्ही आहेत. तो कॅमेरा झालेल्या गोष्टीचा पुरावा देतो, होणारी गोष्ट थांबवत नाही, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवलं की बॅटरी लवकर उतरते. तुमचा प्रश्न मागून येणाऱ्या गाड्यांच्या धास्तीचा आहे, तेव्हा साधं रडारच घ्या आणि कॅमेऱ्याचे पैसे दुसऱ्या टेललाईटवर आणि घोट्यांच्या पट्ट्यांवर घाला.