कंद गेला की झोपलाय?

प्रश्न: डिसेंबरमध्ये एलिफंट्स फूट या शोभेच्या झाडाचा कंद ऑनलाइन मागवला, तेव्हा वर बदामाच्या आकाराच्या पानांची मस्त वेल होती. एप्रिलपासून पानं पिवळी पडायला लागली म्हणून पाणी वाढवलं, थोडं शेणखतही घातलं, तरी मे संपेपर्यंत वेल पार वाळली. आता कुंडीत नुसता कंद उरलाय. गेला का हो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी पाणी बंद करा, आजच. मग कंद सगळीकडून दाबून बघा, टणक लागला तर काळजी नको, तो झोपलाय. मऊ लागला किंवा वास आला तर मात्र सडतोय, तेवढा भाग चांगला गर लागेपर्यंत कापून बुरशीनाशक लावा आणि सावलीत कोरडा होऊ द्या.

हा दक्षिण आफ्रिकेतल्या केपकडचा. तिथे पश्चिमेला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे हा थंडीत पानं काढतो आणि उन्हाळ्यात वेल टाकून कंदातल्या साठ्यावर जगतो. आपलं कोनफळ याच डायोस्कोरिया कुळातलं, पण ते पावसाळ्यात वाढतं आणि थंडीत वेल वाळते, म्हणजे बरोब्बर उलटं! आपल्याला सवय कोनफळाची, म्हणून पान पिवळं दिसलं की हात पाण्याकडे जातो. माझा पहिला कंद असाच जुलैच्या पावसात गच्चीवर सडला, अजून हळहळ वाटते, कारण त्याची ती कासवाच्या पाठीसारखी भेगाळलेली साल तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

तर पावसाळाभर कुंडी छपराखाली, वारा लागेल अशी ठेवा. खत नको. माती बदलायची तर आत्ताच बदला, निम्म्याहून जास्त जाड वाळू, परलाईट (हलके पांढरे दाणे), विटेचे बारीक तुकडे, मातीची कुंडी, आणि कंद निम्मा तरी मातीच्या वर राहू दे, पुरला की सडायची भीती वाढते.

कोंब साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसेल, उशीर झाला तरी थांबा. कोंब आला की पाणी सुरू करायचं, दर वेळी माती वाळल्यावरच. वेलीला ऊन चालतं, कंदाला सावली बरी. आणि तारेची कमान आधीच लावून ठेवा, वेल भराभर चढते आणि नंतर गुंडाळायला गेलं की कोवळा शेंडा मोडतो.