लॅब्राडॉर की बीगल? तिसरा मजला, लिफ्ट नाही, दिवसा घरी फक्त आई

कुत्रा पाळायचा तर लॅब्राडॉर (लॅब) घ्यावा की बीगल, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही दिलेली माहिती अशी: पुण्यात कर्वेनगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोघंही नोकरीला, घरी आई आणि सात वर्षांची मुलगी. बीगल लहान म्हणून फ्लॅटला सोयीचा आणि लॅब मोठा म्हणून गैरसोयीचा, असा तुमचा हिशोब दिसतो. उत्तर बीगलच येतं, पण कारण वेगळं आहे.

जागेची अडचण लॅबलाही फारशी होत नाही. सकाळ-संध्याकाळ नीट फिरवलेला मोठा लॅब दिवसभर पंख्याखाली पसरलेला असतो. अडचण आहे जिन्याची. पूर्ण वाढलेला लॅब २५ ते ३६ किलोचा होतो आणि या जातीत खुब्याच्या व कोपराच्या सांध्यांची दुखणी बरीच आढळतात. उतारवयात जिना चढणं जमेनासं झालं की त्याला उचलून न्यावं लागतं. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. तो दिवसातून तीनदा तीन मजले खाली-वर न्यायची कल्पना करा. १०-१२ किलोचा बीगल काखेत मारून नेता येतो. शिवाय लॅबने दुसऱ्या कुत्र्याकडे एक हिसका दिला तर आईंचा तोल जाईल, हेही आहेच.

मात्र बीगल 'सोपा' म्हणून घेऊ नका. टोळीने सशांचा माग काढण्यासाठी तयार केलेली ही जात. त्यामुळे त्याला एकटेपणा सोसत नाही आणि तो भुंकण्यापेक्षा हेल काढून ओरडतो. तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. आई भाजीला गेल्या तरी त्याला एकटं राहता यावं, म्हणून पहिल्या आठवड्यापासून सवय लावा: आधी दोन मिनिटं बाहेर, मग पाच, मग पंधरा. ओरडायला लागायच्या आत परत यायचं. ओरडल्यावर दार उघडलं तर ओरडलं की दार उघडतं, एवढंच तो शिकतो. निघताना सकाळच्या खाण्यातला थोडा भाग जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून द्या. वीस मिनिटं नाकाला काम मिळालं की बीगल चांगला दमतो.

त्याच नाकामुळे त्याला टेकडीवर मोकळा सोडायचा नाही. वेताळ टेकडीवर मोराचा वास लागला की तुमची हाक त्याच्या कानांत शिरणार नाही. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि पाच मीटरची लांब दोरी वापरा. पावसाळा संपल्यावर टेकडीवरच्या गवताची कुसळं बोटांच्या बेचक्यांत आणि लोंबत्या कानांत घुसतात. घरी आल्यावर रोज बघा. कान आठवड्यातून एकदा हुंगायचे. आंबूस वास, तपकिरी मळ किंवा सतत डोकं झटकणं दिसलं तर डॉक्टर, कापसाची काडी नाही.

खाण्याच्या बाबतीत दोघंही हावरे. लॅबमध्ये तर भूक शमू न देणारा जनुकीय दोष बऱ्याच कुत्र्यांत सापडतो. ३० किलोच्या लॅबला दिवसाला साधारण १४०० कॅलरी लागतात, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम कोरडं खाणं. १० किलोच्या बीगलला ६३० कॅलरी, म्हणजे १८० ग्रॅम. नसबंदीनंतर दोघांनाही त्याहून कमी. आता एका पोळीच्या साधारण १०० कॅलरी धरा. आजीने प्रेमाने दिलेली एक पोळी म्हणजे बीगलचा दिवसातला सहावा हिस्सा! वजनकाट्यावर मोजूनच वाढा. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, कांदा आणि चॉकलेट अजिबात नको. द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

पावसाळ्यात गोचिडांवरची गोळी लागेल. ती वजनावर असते, त्यामुळे लॅबला महाग पडते. बीगलमध्ये फिट येण्याचा आजार त्यातल्या त्यात जास्त दिसतो आणि गोचिडांच्या काही नव्या गोळ्यांनी फिट येऊ शकते. तसा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत फिरवून आणायचं. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतात.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायला २०१७ च्या नियमांनुसार बंदी आहे. पिल्लाची आई दाखवायला तयार नसलेल्या विक्रेत्याकडून घेऊ नका. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि महापालिकेचा परवानाही काढावा लागतो.

आणि मुख्य म्हणजे, आईंना विचारलंत का? दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर दोन तासांनी शू लागते आणि चौथ्या महिन्यापर्यंत, लसी पूर्ण होईस्तोवर, त्याला रस्त्यावर नेता येत नाही. म्हणजे दिवसभराची पुसापुशी त्यांच्याच माथी. त्यांना गुडघ्यांचा त्रास असेल तर पिल्लाचा हट्ट सोडा आणि दोन-तीन वर्षांचा, घरात राहायची सवय झालेला बीगल दत्तक मिळतो का ते बघा. घेण्याआधी त्याला एक अख्खा दिवस आईंबरोबर काढू द्या.