ईएसपी३२ला ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडलाय आणि चालतोय, मग लेव्हल शिफ्टर कशाला?

कूलरच्या टाकीतलं पाणी मोजायला एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर सरळ ईएसपी३२ या ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरला जोडलाय आणि रीडिंगही बरोबर येतंय, तर मधे लेव्हल शिफ्टर, म्हणजे दोन्हीकडचं व्होल्टेज जुळवणारं काही, लावायचं का, असं तुम्ही विचारलंय. लावा, पण एकाच तारेवर.

ट्रिगरची, म्हणजे सेन्सरला 'मोज' सांगणारी तार आहे तशी राहू द्या. सेन्सरला 'हाय' ओळखायला ३.३ व्होल्ट पुरतात. भानगड इकोची, म्हणजे सेन्सरचं उत्तर आणणाऱ्या तारेची. सेन्सर ५ व्होल्टवर चालतो म्हणून इकोही ५ व्होल्टच परत पाठवतो, आणि ईएसपी३२च्या डेटाशीटप्रमाणे पिनवर सप्लायपेक्षा फार तर ०.३ जास्त चालतं, म्हणजे ३.६. पल्स एक-दोन मिलिसेकंदांचा असतो, म्हणून अजून काही जळलेलं नाही, इतकंच.

इकोच्या तारेत १ किलोओहम घाला आणि पिनपासून ग्राउंडला २ किलोओहम. ३.३३ व्होल्ट मिळतील. नागपुरात बर्डीच्या बाजारात २चा मागितला की बहुतेक २.२चा हातात ठेवतात, त्याने ३.४४ येतात, आणि अ‍ॅडॉप्टर ५.२ देत असेल तर ३.५८. अगदी काठावर. त्यापेक्षा १-१चे दोन सिरीजमध्ये जोडा.

खरा त्रास दोन बोर्डांचे सप्लाय वेगळे असले की होतो. बहुतेक सीमॉस चिपांमध्ये (ईएसपी३२ही त्यातलीच) इनपुट पिनकडून सप्लायकडे जाणारा एक संरक्षक डायोड असतो. चिपचा सप्लाय बंद आणि समोरचा बोर्ड चालू असला, की करंट या चोरवाटेने आत शिरतो. चिप धड बंदही होत नाही, धड सुरूही होत नाही, आणि माणूस तासभर कोडमध्ये चूक शोधत बसतो. तुमचा इको एरवी लो असतो म्हणून तुम्ही वाचलात. सिरीयलची टीएक्स (डेटा पाठवणारी) लाइन मात्र रिकामी असतानाही हाय असते. शंका आली तर समोरचा बोर्ड चालू ठेवून चिपचा सप्लाय काढा आणि तिच्या सप्लाय पिनवर मल्टिमीटर लावा. दीड-दोन व्होल्ट टिकून दिसले तर हेच आहे.

दोन रेझिस्टरची ती युक्ती आय२सीला (चिपांनी दोन तारांवर बोलायची पद्धत) चालत नाही, तिथे एकाच तारेवर दोन्हीकडून बोलणं होतं. तिथे बीएसएस१३८ मॉस्फेटचा (एक ट्रान्झिस्टर) लेव्हल शिफ्टरचा छोटा बोर्ड घ्या.

आणि भाऊ, खरं सांगू? तुमचा सेन्सर उघडा आहे, कूलरच्या दमटपणात किती टिकेल देव जाणे. वॉटरप्रूफवाला घ्यावा तर तो साधारण २० सेंटीमीटरच्या आतलं मोजत नाही, आणि कूलरची टाकी उथळ. पंप कोरडा चालू नये एवढंच हवं असेल तर फ्लोट स्विच लावा: एक तार ग्राउंडला, दुसरी पिनला, आतला पुल-अप (पिन एरवी हाय ठेवणारा रेझिस्टर) चालू. फक्त ३४ ते ३९ या पिना घेऊ नका, त्यांना आतला पुल-अप नसतो.