प्रयोगशाळेत बाहेरचा कामगार येतो तेव्हा

प्रश्न : आमच्या जैवरसायन प्रयोगशाळेत फॉस्फरस-३२, आयोडिन-१२५ आणि ट्रिशियम ही किरणोत्सर्गी द्रव्ये वापरतात. एसीवाले, प्लंबर, कंत्राटी सफाई कामगार यांची ये-जा असते. त्यांनाही टीएलडी बॅज (अंगाला लागलेला किरणांचा डोस मोजणारे बिल्ले) द्यावेत का?

उत्तर : बॅजने काम भागणार नाही. तो तीन महिन्यांनी वाचला जातो, लागलेला डोस सांगतो, अडवत नाही. ट्रिशियमचे बीटा कण तर त्याला कळतच नाहीत. तासाभरासाठी आलेल्या मेकॅनिकला सर्वसामान्य नागरिकाचीच मर्यादा लागू होते : वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजण्याचे एकक). तेव्हा आधी जागा मोकळी करा.

काम, खोली आणि वेळ लिहिलेल्या परवान्यावर किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची (आरएसओ) सही झाल्याशिवाय कुणालाही आत सोडू नका. बाटल्या नोंदवहीशी ताडून कुलपात ठेवा. मग टेबल, फरशी आणि फ्रिजची मूठ तपासा. गफलत होते ती इथेच. जीएम मीटर (हातात धरून किरण शोधणारा गायगर काउंटर) फिरवून ‘सगळं ठीक’ म्हणतात. फॉस्फरस त्यात सापडतो. आयोडिन-१२५ चे क्षीण गॅमा किरण बहुतांशी निसटतात, त्यासाठी सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा प्रोब (शोधक) हवा. ट्रिशियम तर मीटरला दिसतच नाही. फिल्टर पेपरने जागा पुसून तो कागद लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्येच (किरणांनी द्रवात उमटणाऱ्या चमका मोजणारे यंत्र) मोजावा लागतो.

दारावर पहारा असतो, पण काम पुष्कळदा दाराबाहेरच चालते. सिंकखालचा बॉटल ट्रॅप (सांडपाण्याच्या नळीतला बाटलीसारखा भाग) प्लंबरने एकट्याने उघडू नये. गाळ तिथेच साठतो. खाली ट्रे, हातात मोजे, शेजारी आरएसओ, आणि निघालेले पाणी मोजल्याशिवाय ओतायचे नाही. फ्यूम हूडचा (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटाचा) पंखा गच्चीवर असतो. तिथे माणूस चढलेला असताना खाली आयोडिनचे काम सुरू राहिले, तर वाफ सरळ त्याच्या तोंडावर. आधी काम थांबवा, पंख्याच्या स्विचला कुलूप लावा, किल्ली मेकॅनिकच्याच खिशात द्या.

सफाई कामगाराने तपासलेली फरशी पुसावी; टेबल आणि किरणोत्सर्गी कचऱ्याचे डबे प्रयोगशाळेतल्या लोकांनीच हाताळावेत. रात्रीच्या रखवालदाराकडे किल्ली द्यायचीच, तर सीलबंद पाकिटात आणि फक्त आगीसाठी.

प्रश्न : याच खोलीतला जुना फ्रिज भंगारात देता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी बर्फ वितळवा आणि ते पाणी मोजा, सांडलेले द्रव्य बर्फात अडकून राहते. मग आतून-बाहेरून पुसून तपासणी करा, आरएसओचा लेखी दाखला घ्या आणि किरणोत्सर्गाचे तीन पात्यांचे चिन्ह खरवडून काढा. चिन्ह तसेच राहिले तर भंगारवाला उगीच घाबरेल, किंवा पुढे खऱ्या चिन्हालाही जुमानणार नाही. सीलबंद स्रोताचे (आत किरणोत्सर्गी द्रव्य बंदिस्त असलेले) यंत्र मात्र भंगारात जाताच कामा नये. दिल्ली विद्यापीठाचे वापरात नसलेले गॅमा यंत्र २०१० मध्ये लिलावातून मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तिथे ते उघडले गेले आणि कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा जीव गेला. असे यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीनेच पुरवठादाराकडे किंवा अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवायचे असते.