नवा लॅपटॉप तापतो, पंखा थांबत नाही

प्रश्न : मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. मे महिन्यात घरी आली तेव्हा तिला इथल्याच दुकानातून लॅपटॉप घेऊन दिला. प्रोसेसर कोअर आय-फाइव्ह १३३५यू, रॅम १६ जीबी. पहिल्या दिवसापासून पंखा मोठ्यानं फिरतोय. ऑनलाइन मीटिंगमध्ये तर तो आवाज समोरच्यांनाही ऐकू जातो. कीबोर्डच्या वरच्या पट्टीला हात लावला की चटका बसतो. दुकानदार म्हणतो, ‘मॅडम, सगळेच तापतात.’ शेजारचा मुलगा म्हणतो, खोलून पेस्ट बदला. कूलिंग पॅड घ्यावं, लॅपटॉप कूलरसमोर ठेवावा, की सरळ परत करावा?
– एक शिक्षिका, अकोला

उत्तर : ताई, आधी पावती काढा आणि बदलून देण्याची मुदत कधी संपते ते बघा. वॉरंटी वर्षभराची असली तरी तिच्यात सहसा दुरुस्ती मिळते. नवं यंत्र मिळायची खरी संधी या सुरुवातीच्या थोड्या दिवसांतच असते. म्हणून खाली सांगतोय ती तपासणी उद्याच करा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. खोकं आणि आतला थर्माकोलही जपून ठेवा.

तपासणी पहाटे करायची, आणि तेही मुद्दाम. मी जळगावात लॅपटॉप दुरुस्त करतो. एप्रिल-मेमध्ये दुकानात येणाऱ्या ‘तापणाऱ्या’ यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांत बिघाड नसतोच, खोलीतली हवाच तापलेली असते. बहुतेक कंपन्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांपर्यंतची हवा धरतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि स्लॅबखालची खोली रात्रीसुद्धा निवत नाही. पंखा आतली उष्णता बाहेर फेकतो, पण त्यासाठी आत ओढतो ती हवा खोलीचीच. एखादं काम करताना प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त तापतो असं समजा. २८ अंशांच्या खोलीत तो ७८ वर थांबेल, ४३ अंशांच्या खोलीत ९३ वर जाईल. काम तेच, यंत्रही तेच. त्यामुळे दुपारी तीनला केलेल्या तपासणीवरून दोष लॅपटॉपचा की उन्हाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आदल्या रात्री चार्जर लावून लॅपटॉप सुरू ठेवा, तो झोपणार नाही अशी सेटिंग करा आणि वायफाय चालू राहू द्या. नव्या लॅपटॉपला पहिले काही दिवस पुष्कळ काम असतं. विंडोजचे अपडेट उतरतात, फाइलींची सूची तयार होते, अँटिव्हायरस सगळं चाळतो. तुम्ही घरचे जुने फोटो पेनड्राइव्हवरून त्यात टाकले असतील तर ते वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, चढवण्याचं कामही मागे चालू असू शकतं. पडद्यावर काहीच दिसत नाही, पंखा मात्र फिरत राहतो. हे रात्रीतून उरकू द्या. पहाटे एकदा रीस्टार्ट करा, लॅपटॉप लाकडी किंवा काचेच्या टेबलावर ठेवा आणि पाव तास काहीही न उघडता तसाच राहू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त काम करणारा प्रोग्रॅम वर येतो.

सीपीयू २०-३० टक्क्यांच्या वर अडून बसला असेल, तर पंखा त्याचं कामच करतोय, आणि वर ज्याचं नाव दिसतंय त्याचा बंदोबस्त करायचा. आमच्याकडे नेहमी सापडणारं कारण म्हणजे दोन अँटिव्हायरस. एक कंपनीनं चाचणीपुरता आधीच टाकलेला, दुसरा दुकानात विकत दिलेला. दोन्ही काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, हे माझं ठाम मत आहे.

पण सीपीयू चार-पाच टक्क्यांवर शांत आहे, पहाटेची वेळ आहे आणि तरीही पंखा पूर्ण जोरात आहे, तर ते बरोबर नाही. आवाजाकडेही कान द्या. हवेचा ‘सूं’ असा आवाज ठीक. खरखर किंवा टकटक होत असेल, पात्याला काही घासल्यासारखं वाटत असेल, तर बेअरिंग खराब आहे किंवा आतली एखादी वायर पात्याला लागतेय. हे नवीन यंत्रात चालवून घ्यायचं नाही. तसंच कीबोर्ड चटका देतोय, पण बाहेर पडणारी हवा गारच आहे, असं असेल तर उष्णता वाहून नेणारी आतली तांब्याची नळी प्रोसेसरवर नीट बसलेली नसण्याची शक्यता मोठी. काम करता करता लॅपटॉप आपोआप बंद पडत असेल तर पुढं काही तपासूच नका. या चारपैकी काहीही आढळलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. त्यात टास्क मॅनेजरचे आकडे दिसले पाहिजेत आणि पंख्याचा आवाजही आला पाहिजे. ‘खूप तापतो हो’ या तक्रारीला दुकानदाराकडे उत्तर तयार असतं, अशा व्हिडिओला नसतं. तरीही टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तो तुमचा हक्क आहे, त्यात संकोच कसला?

आता तापमानाचे आकडे. ‘एचडब्ल्यूइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम उघडून त्यात फक्त सेन्सर बघायचा पर्याय निवडा. काही काम चालू नसताना, पहाटेच्या हवेत, ४० ते ५५ अंश चांगले. जड कामात ८५-९० दिसले तरी घाबरू नका. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिथं पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. क्षणभर ९५ दिसून आकडा खाली येतो तेही नेहमीचंच आहे. तुमच्या प्रोसेसरची मूळ गरज १५ वॉटची, पण काम आलं की तो थोडा वेळ ५५ वॉटपर्यंत झेप घेऊ शकतो. एखादं जड पान उघडताच पंखा एकदम उसळतो आणि मग शांत होतो, तो या झेपेमुळे.

ही झेप आवरली की मुलीच्या मीटिंगमधला आवाजही आवरेल. विंडोज ११ च्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’खाली ‘पॉवर अँड बॅटरी’ उघडा आणि पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर ठेवा. शिवाय कंपनीचं स्वतःचं ॲप असतं, लेनोवोचं व्हँटेज, आसूसचं मायआसूस वगैरे. त्यात ‘क्वाएट’ किंवा ‘व्हिस्पर’ अशा नावाचा मोड मिळेल. आणि मीटिंगमध्ये मागची खोली धूसर करायचा पर्याय बंद करा. प्रत्येक क्षणी चेहरा कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते हे शोधत राहायचं, म्हणजे प्रोसेसरला भलतं जड काम. मागे एक साधा पडदा लावा, पंखा खाली येईल.

दुकानदारानं लॅपटॉपसोबत सिलिकॉनचा कीगार्ड, म्हणजे कीबोर्डवर घालायचं आवरण, फुकट दिला असेल, तर तो काढून ठेवा. उष्णतेचा काही भाग कीबोर्डमधूनच बाहेर जातो, काही मॉडेल तर तिथूनच हवा आत घेतात. खाली चिकटवलेल्या शोभेच्या स्किननं जाळी झाकली गेली असेल तर तीही सोडवा. गादीवर, उशीवर, मांडीवरच्या ओढणीवर लॅपटॉप ठेवायचा नाही. मुलांना हे सांगून पटत नाही, म्हणून एकदा त्यांच्यासमोर यंत्र उलटं करून खालची जाळी दाखवा.

कूलिंग पॅडचा फरक थोड्याच अंशांचा पडतो. त्याआधी मागची बाजू दोन बोटं उचलणारा साधा स्टँड घ्या, हवा आत जायला तेवढी जागा बऱ्याचदा पुरते. कूलरसमोर मात्र मुळीच ठेवू नका. आपल्याकडच्या वाळ्याच्या कूलरमधून हवेबरोबर बारीक तुषार येतात, आणि पंखा तीच ओल थेट बोर्डावर ओढतो. गंजलेले बोर्ड मी दर उन्हाळ्यात बघतो, ते दुरुस्त होणं अवघड असतं. कूलर खोलीत चालू असू द्या, लॅपटॉप झोताच्या बाहेर, खिडकीकडच्या बाजूला ठेवा.

पेस्टचा सल्ला देणाऱ्या मुलाची नियत चांगली आहे, पण आता नको. प्रोसेसर आणि तांब्याच्या नळीमधली ती पेस्ट काही वर्षांनी सुकते, तेव्हा जरूर बदलावी. आज लॅपटॉप उघडलात आणि उद्या पंखाच सदोष निघाला, तर दुकानदाराच्या हाती आयतं कारण पडेल.

सगळी तपासणी ठीक निघाली तर परत करू नका. पुण्याच्या हवेत तोच लॅपटॉप याहून शांत चालेल.

प्रश्न : ऑफिसातून निघताना लॅपटॉप नुसता मिटून बॅगेत टाकतो. लोकलमधून घरी पोचेपर्यंत तो चांगलाच गरम झालेला असतो, बॅटरीही उतरते. नवीनच आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मिटलेला लॅपटॉप बंद नसतो. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतो. पडदा विझतो, पण अधूनमधून यंत्र जागं होऊन मेल घेतं, अपडेट उतरवतं, आणि बॅगेत हवा खेळायला जागाच नसते. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं, हा पर्याय आहे. तिथं ‘हायबरनेट’ निवडा, म्हणजे चालू काम जपून ठेवून यंत्र बंद होईल. ते नाव दिसत नसेल तर त्याच पानावर वरच्या बाजूला बंद असलेल्या सेटिंग बदलण्याची एक ओळ आहे, तिच्यावर क्लिक करून आधी हायबरनेट चालू करा. उघडायला थोडे जास्त सेकंद लागतील, पण काम होतं तिथूनच सुरू होईल. तोवर बॅगेत टाकण्याआधी शट डाउन करा. असं रोज तापत राहणं बॅटरीचं आयुष्य खातं.

प्रश्न : पंखा बंद असतानाही बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. पान वरखाली सरकवलं की बदलतो.
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : मग तो पंख्याचा नाहीच. वीज पुरवणाऱ्या भागातल्या तारेच्या वेटोळ्या थरथरतात, त्यांचा तो आवाज. तंत्रज्ञ त्याला कॉइल व्हाइन म्हणतात. चार्जर काढला किंवा लावला की तो बदलतो का, हे बघा. बदलत असेल तर खात्रीच. त्यानं यंत्राला अपाय होत नाही. पण अभ्यासात कानाला टोचत असेल, तर बदलून घ्यायच्या मुदतीतच परत द्या, कारण नंतर त्यावर उपाय म्हणजे जवळजवळ मदरबोर्ड बदलणं.