कानविंदे यांना काय म्हणावे : वास्तुशास्त्रज्ञ, स्थपती, शिल्पकार की वास्तुविशारद?

प्रश्न : मालवण तालुक्यातील एका वाचनालयाचे कार्यवाह विचारतात की, तालुक्यातील नामवंतांच्या तसबिरींखाली लावायच्या परिचयफलकांपैकी आर्किटेक्ट अच्युत कानविंदे यांच्या फलकाच्या मसुद्यात एका सभासदाने ‘थोर वास्तुशास्त्रज्ञ’, दुसऱ्याने ‘स्थपती’, तर तिसऱ्याने ‘आधुनिक भारतीय वास्तुकलेचे शिल्पकार’ असे लिहिले आहे; यांपैकी कोणता शब्द ठेवावा?

उत्तर : तिन्ही शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. त्यामुळे निवड करायची ती आज वाचणाऱ्याच्या मनात कोणता शब्द काय उभे करतो, हे पाहून. माझे मत ‘वास्तुविशारद’ या चौथ्याच शब्दाच्या बाजूने आहे.

‘वास्तुशास्त्रज्ञ’ हा शब्द एके काळी चालला असता. मुंबईच्या ज्या संस्थेत कानविंदे शिकले, तिच्या परंपरेतील महाविद्यालयाचे मराठी नाव ‘सर ज. जी. वास्तुशास्त्र महाविद्यालय’ असेच रूढ झाले आणि तेथे ‘वास्तुशास्त्र’ म्हणजे इमारतींच्या रचनेची विद्या एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. परंतु गेल्या दोन-तीन दशकांत घराचे दार कोणत्या दिशेला असावे आणि देवघर कोणत्या कोपऱ्यात, हे सांगणाऱ्या सल्लागारांनी तो शब्द इतका आपलासा केला आहे की, फलकापुढे उभा राहणारा शाळकरी मुलगा कानविंदे यांनाही त्याच पंक्तीत बसवील. ज्यांना सरकारने १९४५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात पाठवले आणि ज्यांनी तेथे आधुनिक वास्तुकलेचे एक प्रवर्तक वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिक्षण घेतले, त्यांच्यावर हा अन्याय होईल. ‘वास्तुतज्ज्ञ’ या शब्दाचीही आज हीच गत आहे.

‘स्थपती’ हा या सर्वांतला जुना, आटोपशीर आणि मला स्वतःला सर्वांत आवडणारा शब्द. ‘मयमत’ या संस्कृत ग्रंथात बांधकामावरील चार प्रमुख कारागीर सांगितले आहेत : स्थपति, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकि. त्यांत कामाची संपूर्ण जबाबदारी असलेला, सर्व शास्त्रे जाणणारा तो स्थपति, आणि दोरी धरून मापे घेणारा तो सूत्रग्राही. (आपल्या ‘सुतार’ या शब्दाचे नातेही सूत्राशीच आहे, आणि कोकणातल्या कौलारू घराचे आढे, वासे आणि रिपा यांचा हिशेब कागदावर न मांडता डोक्यात ठेवणारा माणूस पुष्कळदा सुतारच असतो.) अडचण येते ती ‘स्थापत्य’ या शब्दामुळे. व्युत्पत्तीने स्थपतीचे काम ते स्थापत्य. पण तंत्रनिकेतनात ‘स्थापत्य अभियांत्रिकी’ म्हणजे सिव्हिल इंजिनियरिंग. परिणामी ‘स्थपती’ वाचताच निम्म्या लोकांना पूल आणि रस्ते बांधणारे अभियंता आठवतात. हे दोन व्यवसाय एकत्र कालवले गेले की इतिहास कसा बिघडतो, याचे उदाहरण उत्तर कोकणातच आहे. मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवावे हा विचार १९६०च्या दशकाच्या मध्यास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडला. ‘तीन वास्तुविशारदांनी नवी मुंबईची कल्पना मांडली’ असे वाक्य अनेकदा वाचायला मिळते. प्रत्यक्षात पहिले दोघे वास्तुविशारद होते आणि पटेल स्थापत्य अभियंता.

‘स्थपती’ या शब्दाला कोकणात एक हक्काची जागा मात्र आहे, आणि ती रायगडावर. जगदीश्वराच्या मंदिरातील संस्कृत शिलालेखात शके १५९६ हे वर्ष ‘षण्णवबाणभूमि’ अशा अंकसूचक शब्दांनी दिले आहे आणि गडावरील विहिरी, तळी, स्तंभ, गजशाळा व राजवाडे यांच्या वर्णनानंतर ‘हीराजिना निर्मितो’ असे शब्द येतात. त्याच मंदिराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर’ अशी मराठी ओळ, आणि तिच्यापुढे त्याच बांधणाऱ्याचे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे. दोन्ही लेखांत हिरोजींच्या नावाला व्यवसायाची कोणतीही पदवी जोडलेली नाही. एकात ‘निर्माण केले’ एवढेच क्रियापद आहे, दुसऱ्यात सेवाभाव. आखणारा, मोजणारा आणि प्रत्यक्ष बांधून घेणारा ही माणसे तेव्हा वेगळी नव्हती, म्हणून हिरोजींना ‘रायगडाचे स्थपती’ म्हणणे अगदी नेमके ठरते. कानविंदे यांचा व्यवसाय मात्र ठेकेदार आणि अभियंता यांच्यापासून कायद्यानेच वेगळा झालेल्या काळातला आहे : १९७२च्या वास्तुविशारदविषयक कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ हे नामाभिधान नोंदणीकृत व्यक्तीलाच लावता येते, आणि त्याला अपवाद केला आहे तो भूदृश्य रचणाऱ्या लँडस्केप आर्किटेक्टचा आणि जहाजांची रचना करणाऱ्या नेव्हल आर्किटेक्टचा. विजयदुर्गच्या परिसरात नौकाबांधणीची जुनी परंपरा असल्याने आपल्याकडील वाचकांना यातला दुसरा अपवाद विशेष रुचावा.

‘शिल्पकार’ या शब्दाविषयी माझा आक्षेप सर्वांत मोठा आहे. मराठीने हा शब्द आलंकारिक अर्थाने पक्का करून टाकला आहे, आपण डॉ. आंबेडकरांना ‘घटनेचे शिल्पकार’ म्हणतो आणि यशवंतराव चव्हाणांना ‘आधुनिक महाराष्ट्राचे शिल्पकार’. ज्याने खरोखरच इमारती रचल्या, त्याच्याबद्दल हा अलंकार वापरला की त्याचे प्रत्यक्ष काम झाकले जाते. शिवाय शब्दाचा मूळ अर्थ जिवंत असल्याने गोंधळ वाढतो तो निराळाच. मरीन ड्राइव्हवरील ‘सूना महल’ ही डौलदार इमारत जी. बी. म्हात्रे यांची, परंतु ‘शिल्पकार म्हात्रे’ असे लिहिले की जाणत्या वाचकाला आठवतात ते ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवणारे गणपतराव काशिनाथ म्हात्रे. एकाच आडनावाचे दोघे, एक इमारतींचा आणि दुसरा मूर्तींचा, आणि आपण एका शब्दाने दोघांची अदलाबदल करून मोकळे होतो. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी आपल्या कार्यालयाला ‘वास्तुशिल्प’ हे नाव दिले हे खरे, आणि २०१८ मध्ये वास्तुकलेतील सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरल्यानंतर ‘वास्तुशिल्पी’ हा शब्दही वृत्तपत्रांत दिसला. तो त्यांच्यापुरता शोभतो.

राहिला ‘वास्तुविशारद’. विशारद म्हणजे निपुण. त्यामुळे हा शब्द व्यवसाय सांगताना शेरा मारून मोकळा होतो, हे त्याचे वैगुण्य. याच कारणाने कोणताही आर्किटेक्ट स्वतःची ओळख करून देताना ‘मी वास्तुविशारद’ असे सहसा म्हणत नाही, तो ‘आर्किटेक्ट’च म्हणतो. पण फलकावर बोलणारे आपण आहोत, कानविंदे नव्हेत, आणि त्यांच्याबाबतीत तो शेरा सार्थच आहे. शिवाय प्रवीणा मेहता असोत की कोरिया, स्त्री-पुरुष दोघांनाही हा शब्द जसाच्या तसा चालतो. लिहिताना ‘वास्तू’ एकटी असेल तर दीर्घ, समासात ऱ्हस्व : ‘वास्तुशांत’ तसे ‘वास्तुविशारद’. रंगाऱ्याला मजकूर देताना हे स्वतंत्रपणे सांगावे.

मसुद्यातील ‘कानपूरची आयआयटी बांधली’ या वाक्यातील क्रियापदही बदलावे, कारण ‘बांधणे’ हे गवंड्याचे आणि ठेकेदाराचे काम. ‘आखली’ किंवा ‘संकल्पिली’ म्हणावे. कानपूरला कानविंदे यांनी उघड्या विटा आणि काँक्रीटमध्ये संपूर्ण संकुल रचले आणि पायी चालणाऱ्यांसाठी इमारतींना जोडणारे उंचावरचे मार्ग ठेवले; मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत त्यांनी वायुवीजनाच्या उभ्या धुराड्यांसारख्या मनोऱ्यांतूनच इमारतीला रूप दिले. ‘आखणे’ या क्रियापदात हा विचार मावतो, ‘बांधणे’त मावत नाही. ‘थोर’ हे विशेषण काढून त्या जागी या दोन कामांची नावे घालावीत, असे मी सुचवीन. ‘अच्युत पुरुषोत्तम कानविंदे (१९१६–२००२), वास्तुविशारद, जन्म आचरे’ एवढी पहिली ओळ, आणि तिच्याखाली ही कामे.

मसुद्यात नावाआधी ‘पद्मश्री’ लिहिले आहे, तेही हलवावे लागेल. हा सन्मान त्यांना १९७४ मध्ये मिळाला. परंतु पद्म पुरस्कार हे किताब नसून ते नावाच्या मागे किंवा पुढे उपाधीसारखे लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘१९७४ मध्ये पद्मश्रीने सन्मानित’ असे शेवटच्या ओळीत लिहिण्यास कोणतीही हरकत नाही.